चारांतले तीन खोटे

न्यायालयात चार साक्षीदार उभे आहेत. चौघांचेही कपडे इस्त्रीचे, चौघांचाही आवाज ठाम, आणि चौघांपैकी एकच खरे बोलतो आहे. खरा कोण हे न्यायाधीशमहाराजांना ठाऊक नाही. घटना घडली तेव्हा ते तेथे नव्हतेच. मग ते काय करतात? एकेकाला प्रश्न विचारू लागतात. पहिला सांगतो, त्या रात्री लख्ख चांदणे पडले होते. आणि पंचांग सांगते, त्या रात्री अमावास्या होती. पहिला बाद! दुसरा म्हणतो, मी पुण्याहून निघून दहा मिनिटांत मुंबई गाठली. तोही बाद. तिसरा शपथेवर सांगतो की, आरोपी माझ्या डाव्या हाताला उभा होता; आणि नकाशा पाहावा तर तेथे विहीर! उरला चौथा. तो खरा आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलेले नाही. इतर तिघांचे खोटे टिकले नाही म्हणून ते कळले.

वाचकहो, आपल्या घरात विज्ञान शाखेचे बारावीतले मूल असेल, तर असे न्यायालय सध्या आपल्या घरीच रोज भरत असेल. न्यायाधीश वय वर्षे सतरा. त्याच्यापुढे गणिताचा प्रश्न आणि प्रश्नाखाली अ, ब, क, ड असे चार साक्षीदार. इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात जी सीईटी होते, तिच्या गणिताच्या भागात २०२५ साली असे ५० प्रश्न होते. प्रत्येकाला दोन गुण आणि सगळ्यांना मिळून ९० मिनिटे. म्हणजे एका खटल्याचा निकाल एक मिनिट अट्ठेचाळीस सेकंदांत लावायचा! आयआयटीच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे जेईई मेन. तेथे तीन तासांत तीन विषयांचे ७५ प्रश्न. तेथला न्यायाधीश थोडा सुखी. त्याला एका प्रश्नाला दोन मिनिटे चोवीस सेकंद मिळतात.

या प्रश्नांपैकी मोठा वाटा कलनाचा असतो. मोठ्या मंडळींनी या शब्दाला भिण्याचे कारण नाही. एखादी गोष्ट किती झपाट्याने बदलते आहे हे शोधण्याचे गणित म्हणजे अवकलन, आणि बारीकबारीक तुकडे जोडून सगळ्याची बेरीज करण्याचे, उदाहरणार्थ वाकड्या रेषेखालचे क्षेत्रफळ काढण्याचे, गणित म्हणजे समाकलन. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे अवकलनाला ‘शून्यलब्धि’ असे सुरेख नाव होते.

कलनाच्या चार पर्यायांतून चुकीचे पर्याय कसे खोडावेत आणि कसे खोडू नयेत, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. पुष्कळ पालकांना ही एक पळवाट वाटते. “गणित सोडवता येत नाही म्हणून पर्याय खोडत बसला आहे,” असे म्हणून ते उसासा टाकतात. पण हा उसासा सरसकट टाकण्याजोगा नाही. खोडण्याचे दोन प्रकार आहेत. एक विद्येचा आणि दुसरा जुगाराचा. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि तेथेच घोटाळा होतो.

खोट्या उत्तराचा जन्म

अशा प्रश्नांची कुळकथा फार जुनी नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास मुलांच्या वाचनाची एक चाचणी तयार केली. तपासणाऱ्यागणिक गुण बदलू नयेत, एवढाच त्याचा साधा हेतू होता. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ नंतर, अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या सुमारे १७ लाख जवानांना अशाच धर्तीच्या चाचण्या द्याव्या लागल्या. १९३८ साली आयबीएम कंपनीने पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्याने वाचून गुण मोजणारे यंत्रच बाजारात आणले. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर याहून स्वस्त आणि झटपट उपाय नव्हता. आपल्याकडे आयआयटीची सामायिक प्रवेश परीक्षा १९६१ साली सुरू झाली आणि २००६ पासून ती संपूर्ण पर्यायी प्रश्नांची झाली. २०१९ पासून जेईई मेन ही तर संगणकापुढे बसूनच द्यावी लागते. पेन्सिल गेली, गोल रंगवणे गेले. चार साक्षीदार मात्र जागच्या जागी आहेत.

आता गंमत पाहा. खरे उत्तर काढणे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला अवघड नसते. त्याची खरी मेहनत असते ती तीन खोटी उत्तरे काढण्यात! ती वाटेल तशी लिहून चालत नाहीत. मुले ज्या चुका हमखास करतात, त्या चुका करून जे उत्तर येईल तेच तो पर्याय म्हणून ठेवतो. म्हणून प्रत्येक खोट्या उत्तरात एका चुकीची छबी असते.

एक उदाहरण घेऊ. ‘ई’ नावाची गणितातली प्रसिद्ध संख्या आहे, तिची किंमत सुमारे २.७१८. तिचा क्ष-वा घात घ्यायचा आणि त्याला आपण सोयीसाठी ‘घ’ म्हणू. घ-चा गुण असा की अवकलन केले तरी तो घ-च राहतो, आणि समाकलन केले तरी घ-च. आता प्रश्न असा: क्ष गुणिले घ याचे समाकलन काय? पर्याय असे:

(अ) घ × (क्ष + १)
(ब) घ × (क्ष − १)
(क) घ × क्ष-वर्ग ÷ २
(ड) घ × क्ष

यातला (अ) कोणासाठी मांडला आहे? समाकलनाऐवजी घाईघाईत अवकलन करणाऱ्या मुलासाठी. (क) कोणासाठी? गुणाकारातल्या दोन्ही भागांचे वेगवेगळे समाकलन करून ते एकमेकांना गुणणाऱ्यासाठी. असे करता येत नाही हे त्याला कोणी सांगितलेले असते, पण ते अंगात मुरलेले नसते. आणि (ड) हा अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्यासाठी. रीत आठवली, पहिले पद लिहिले आणि दुसरे राहून गेले. उत्तर (ब) आहे.

ते (ब) आहे हे कसे ठरवायचे? समाकलनाची रीत आठवत नसली तरी एक हुकमी उपाय हातात असतो. अवकलन ही समाकलनाची उलटी क्रिया आहे. भागाकार बरोबर आला की नाही हे जसे आपण गुणाकार करून पाहतो, तसे पर्यायाचे अवकलन करून मूळ पद परत मिळते का ते पाहावे. (ब) चे अवकलन केले तर घ गुणिले (क्ष − १) आणि त्यात आणखी एक घ मिळवलेला, म्हणजे नेमके क्ष गुणिले घ. मिळाले!

तेवढाही वेळ नसेल तर क्ष-च्या जागी एखादी सोपी संख्या ठेवून पाहावी. क्ष शून्य असता मूळ पदाची किंमत शून्य येते. चारही पर्यायांचे अवकलन करून त्यात शून्य घातले तर (अ) ची किंमत दोन येते आणि (ड) ची एक. दोघेही बाद. (ब) आणि (क) मात्र दोन्ही शून्य देतात. म्हणून शून्यावर विसंबून तेथेच थांबायचे नाही. आता क्ष-च्या जागी एक घाला. मूळ पद ‘ई’ इतके येते; (ब) तेवढेच देतो, (क) त्याच्या दीडपट देतो. खटला संपला.

आपल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘इष्टकर्म’ नावाची एक रीत आहे. उत्तर ठाऊक नसताना मनाला येईल ती एक संख्या धरायची, तिच्यावर प्रश्नातल्या सगळ्या क्रिया करायच्या आणि जे येईल त्यावरून खऱ्या उत्तराकडे जायचे. सोपी संख्या धरून अवघडाची परीक्षा घेण्याची ही युक्ती परवाच्या शिकवणीवर्गातली नव्हे. ते पुस्तक ११५० सालचे आहे!

चिन्ह, आकार आणि अक्कल

खोडण्याच्या विद्येत सर्वांत पहिला प्रश्न चिन्हाचा. उत्तर अधिक यावे की उणे? दुसरा प्रश्न आकाराचा. ते साधारण केवढे यावे? हे दोन प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात, आणि आश्चर्य वाटेल इतके साक्षीदार तेवढ्यात गळतात.

समजा, विचारले आहे की क्ष-वर्ग भागिले (१ + क्ष-वर्ग) या पदाचे शून्यापासून एकपर्यंतचे समाकलन किती? पर्यायांत वर्तुळाची ती प्रसिद्ध संख्या ‘पाय’, म्हणजे ३.१४, आली आहे:

(अ) १ − पाय ÷ ४
(ब) पाय ÷ ४
(क) पाय ÷ ४ − १
(ड) १ + पाय ÷ ४

आकडे मांडून पाहू. पायचा चौथा भाग सुमारे ०.७८५. म्हणजे चार पर्याय अनुक्रमे ०.२१५, ०.७८५, उणे ०.२१५ आणि १.७८५ असे झाले. आता हे पद कधी उणे होत नाही, कारण वर्ग उणे नसतो. मग त्याखालचे क्षेत्रफळ उणे कसे असेल? (क) गेला. पुढे पाहा: क्ष शून्य असता या पदाची किंमत शून्य, आणि क्ष एक असता अर्धी, मध्ये ती हळूहळू चढत जाते आणि अर्ध्याच्या वर कधी जात नाही. म्हणजे ही सारी आकृती एक रुंद आणि अर्धा उंच अशा चौकटीत बसते. त्या चौकटीचेच क्षेत्रफळ अर्धे. मग आत बसणाऱ्या आकृतीचे त्याहून कमीच हवे. (ब) गेला, (ड) गेला. समाकलनाची एकही ओळ न लिहिता (अ) हातात आला.

ही पळवाट झाली का? मुळीच नाही. समाकलन म्हणजे क्षेत्रफळ, हे ज्याला पक्के समजले आहे त्यालाच हे सुचते. सूत्रे घोकलेल्या मुलाला चारही पर्याय सारखेच वाटतात. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे आकृती उभी राहते, त्याला त्यातले तीन हास्यास्पद दिसतात.

आता दिवाळीच्या रंगकामाची शिडी घेऊ. ती बहुतेक घरांत नुकतीच वापरून झाली असेल. पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचा पाया भिंतीपासून तीन मीटरवर आहे, म्हणजे वरचे टोक चार मीटर उंचीवर आहे. पाया सेकंदाला १२ सेंटिमीटर या वेगाने भिंतीपासून दूर घसरतो आहे. तर वरच्या टोकाची उंची त्या क्षणी कोणत्या वेगाने बदलते आहे? कलनाच्या पुस्तकांतून ही शिडी पिढ्यान्‌पिढ्या घसरत आली आहे. पर्याय, सेकंदाला सेंटिमीटरमध्ये:

(अ) उणे १६
(ब) अधिक ९
(क) उणे ९
(ड) उणे १२

पाया बाहेर सरकला की टोक खाली येणार. उंची कमी होणार. म्हणून वेग उणे हवा. (ब) बाद. बाकीच्या तिघांसाठी शिडी डोळ्यांपुढे आणा. ती जवळजवळ उभी असताना पाया वीतभर ओढला तर टोक जेमतेम खाली येते. ती जवळजवळ आडवी झाली की मात्र पाया थोडा सरकताच टोक धाडकन आपटते. या दोहोंच्या मध्ये, पायाचे अंतर आणि टोकाची उंची अगदी सारखी असताना, दोन्ही टोके सारख्याच वेगाने सरकतात. आपल्या शिडीची उंची चार आणि अंतर तीन, म्हणजे ती अजून त्या मधल्या स्थितीला पोहोचलेली नाही. तेव्हा टोकाचा वेग पायापेक्षा कमीच असणार, बारापेक्षा कमी. (अ) आणि (ड) दोन्ही गेले. उरला उणे नऊ. ज्या मुलाने चार भागिले तीन आणि तीन भागिले चार यांची अदलाबदल केली, त्याच्यासाठी तो सोळाचा आकडा ठेवला होता. पण ज्याने शिडी पाहिली आहे तो त्याला भुलत नाही.

सूत्र फसवते तेथे

कधी कधी तर असे होते की, सूत्र प्रामाणिकपणे वापरणारा मुलगा फसतो आणि शंकेखोर मुलगा तरतो. १ भागिले क्ष-वर्ग या पदाचे उणे एकपासून अधिक एकपर्यंतचे समाकलन विचारले आहे. पर्याय: उणे २, शून्य, २, आणि ‘अशी किंमत अस्तित्वात नाही’.

सूत्र लावणारा मुलगा झटपट दोन टोकांच्या किमती घालतो, वजाबाकी करतो आणि त्याला उणे २ मिळते. ते पर्यायांत दिसताच त्याला हायसे वाटते. उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे बरोबरच असणार! पण शंकेखोर मुलगा विचारतो, वर्गाने भागलेले हे पद सगळीकडे अधिकच आहे; मग बेरीज उणे कशी? उणे २ गेले, शून्यही गेले. मग तो आणखी पाहतो की उणे एक ते अधिक एक या टप्प्यात क्ष-वर्ग कधी एकाहून मोठा होत नाही, म्हणून त्याने एकाला भागले की भागाकार एकाहून लहान होत नाही. आतल्या बाजूस तर तो फारच मोठा होतो. रुंदी दोन, उंची निदान एक, म्हणजे क्षेत्रफळ दोनहून जास्तच हवे. २ सुद्धा गेले! उरले ‘अस्तित्वात नाही’. आणि खरेच, क्ष शून्याजवळ येऊ लागला की हे पद आकाशाला भिडते. त्याखालचे क्षेत्रफळ मोजून संपतच नाही. सूत्राला ते मधले भगदाड दिसले नाही. ते खोडणाऱ्याच्या नजरेला दिसले.

जुगाराचा प्रकार

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. “मागची तीन उत्तरे क होती, म्हणून हे क नसणार.” “सर्वांत लांबलचक पर्याय तोच खरा.” “वर्गमूळ असलेले उत्तर भारदस्त दिसते.” “ठाऊक नसेल तेथे ब मारावा, ब शुभ असतो.” अशी वाक्ये परीक्षार्थींच्या तोंडून सर्रास ऐकू येतात. यात कोठे तरी गणित आहे का? नाणे तीन वेळा छाप पडले म्हणून चौथ्या वेळी काटा पडायचे बंधन नाण्यावर नसते.

यावर एक साधी कसोटी आहे. पर्यायावर काट मारताना ‘कारण’ हा शब्द पुढे येतो का? “हा नाही, कारण क्षेत्रफळ उणे नसते,” ही विद्या. “हा नाही, असे वाटते,” हा जुगार. आणि पर्याय मुलांच्या चुकांवरूनच बेतलेले असल्यामुळे, ‘वाटणे’ हा फार धोक्याचा सल्लागार असतो. डोळे मिटून ठोकले तर चारात एकदा तरी खरे उत्तर लागण्याचा संभव. अर्धवट आठवणीवर विसंबले तर त्याहूनही कमी लागू शकते, कारण अर्धवट आठवणीला जे उत्तर ओळखीचे वाटावे म्हणून रचले आहे, तिकडेच हात जातो.

दोन परीक्षा, दोन हिशेब

येथे पालकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, कारण बरीच घरे येथे चुकीचा सल्ला देतात. एकाच मुलाला एकाच उन्हाळ्यात दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि दोहोंचे नियम वेगळे.

सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे टाकणे. दहा प्रश्न अगदीच येत नसले आणि डोळे मिटून उत्तरे दिली, तर सरासरीने अडीच बरोबर येतील, म्हणजे पाच गुण. त्याच दहा प्रश्नांत प्रत्येकी दोन पर्याय सकारण खोडता आले, तर सरासरीने पाच बरोबर, म्हणजे दहा गुण.

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्याला एक कापतात. या ‘कापण्या’ची घरोघरी इतकी धास्ती असते की, “शंका असेल तर हातच लावू नकोस,” असा उपदेश केला जातो. हिशेब काय सांगतो ते पाहा. एकही पर्याय खोडला नाही, तर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, अधिक चार. तीन चूक, उणे तीन. चार प्रश्नांमागे एक गुण, म्हणजे प्रश्नामागे पाव गुण. एक पर्याय खोडला तर प्रश्नामागे सरासरी दोन तृतीयांश गुण. दोन खोडले तर दीड गुण. तिन्ही खोडले तर पूर्ण चार. दोन पर्याय कारण देऊन खोडले असूनही भीतीने प्रश्न सोडणारे मूल दर वेळी सरासरीने दीड गुण टेबलावर ठेवून उठते.

पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. अशा दहा प्रश्नांत सरासरीने पंधरा गुण मिळायचे असले, तरी एखाद्या दिवशी दहाही चुकून उणे दहा होऊ शकतात. आणि आणखी एक गोष्ट कधी विसरू नये. खोडताना चुकून खरे उत्तरच खोडले, तर उरलेल्या पर्यायांत दैवाला कितीही साकडे घातले तरी एक गुण जाणारच. खरा साक्षीदार बाहेर काढून उरलेल्यांत न्याय शोधता येत नाही.

नियम परीक्षेगणिक बदलतात, हे ध्यानात असू द्यावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत चुकीला एक तृतीयांश गुण कापतात. तेथे डोळे मिटून ठोकणाऱ्याची सरासरी नेमकी शून्य पडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले शाळेत असतानाच एपी कॅल्क्युलसची परीक्षा देतात. तिच्यात पूर्वी पाच पर्याय असत आणि चुकीला पाव गुण कापला जाई; तोही शून्याचाच हिशेब. २०११ पासून ती कपात बंद झाली. थोरल्या भावाच्या वेळचा सल्ला धाकट्या बहिणीला तसाच्या तसा देऊ नये, तो याचसाठी.

या विद्येची हद्द

इतके सांगितल्यावर खोडण्याची हद्दही सांगितली पाहिजे. जेईई मेनच्या गणितात २०२५ साली २५ पैकी पाच प्रश्न पर्यायांविना होते. आकडा स्वतः काढून स्वतःच भरायचा. तेथे साक्षीदारच नाहीत, तर उलटतपासणी कोणाची घेणार? बोर्डाच्या लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. “इतर तीन चूक आहेत म्हणून हे बरोबर,” असे लिहून तेथे भागत नाही. आणि इंजिनियर झाल्यावर पूल बांधताना चार पर्याय छापलेला कागद कोणी हातात देत नाही.

पण खोडण्याची सवय मात्र तेथेही उपयोगी पडते, कदाचित तेथेच अधिक. स्वतः काढलेल्या उत्तराकडे, ते दुसऱ्या कोणी दिले आहे असे समजून पाहायचे. चिन्ह बरोबर आहे ना? आकार पटतो ना? मोजमाप जुळते ना, क्षेत्रफळ विचारले आणि उत्तर लांबीचे आले असे तर नाही? जॉर्ज पोल्या या नामवंत गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत यावर एक पुस्तक लिहिले. त्यात उत्तर मिळाल्यावर मागे वळून ते तपासण्याला त्याने सोडवणुकीची शेवटची पायरीच मानले आहे. आपली मुले बहुधा हीच पायरी गाळतात. उत्तर आले की वही मिटतात.

आईवडिलांचे काम

“आम्हांला कलन येत नाही, आम्ही काय मदत करणार?” असे म्हणणारे पालक पुष्कळ. त्यांना करता येण्याजोगे एक काम आहे, आणि त्यासाठी गणिताचा एकही नियम लागत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाच्या वेळी, मुलाला किंवा मुलीला सरावातले पाच प्रश्न घेऊन बसायला सांगावे. बरोबर उत्तर कोणते ते विचारू नये. विचारावे ते एवढेच: “हा पर्याय तू का खोडलास?” कारण सरळ, घरच्या भाषेत सांगता आले, आणि आईला किंवा बाबांना ते पटले, तर काट खरी. “सरांनी असेच सांगितले आहे,” किंवा “असेच असते,” असे उत्तर आले, तर समजावे की तेथे धडा कच्चा आहे. शिडी का घसरते, चौकटीत आकृती कशी बसते, हे आजीलाही समजावता येते. आणि आजीला समजावता आले म्हणजे ते पक्के झाले.

चुकलेल्या प्रश्नांचीही एक वही ठेवावी. तिच्यात बरोबर उत्तर उतरवून काढण्यापेक्षा, आपण ज्या खोट्या पर्यायाला भुललो तो कोणत्या चुकीतून जन्मला, हे एका ओळीत लिहावे. चिन्ह विसरलो, अपूर्णांक उलटा घेतला, अर्ध्यावर थांबलो. महिन्याभरात दिसेल की आपल्या चुका शंभर प्रकारच्या नाहीत, पाच-सहाच आहेत. त्याच वेष पालटून पुन्हा पुन्हा येतात. स्वतःच्या चुका चेहऱ्याने ओळखता येऊ लागल्या की परीक्षेतल्या खोट्या पर्यायांत त्या लगेच दिसू लागतात.

याचा आणखी एक लाभ गुणपत्रिकेत दिसत नाही. प्रश्न येत नाही म्हणून सतरा वर्षांचे मूल जेव्हा हातपाय गाळून बसते, तेव्हा “निदान कोणते उत्तर नाही, एवढे तर सांग,” हा प्रश्न त्याला पुन्हा उभे करतो. काहीच येत नाही अशी स्थिती फार थोड्या वेळा असते. थोडेसे येत असते, आणि त्या थोडक्यावरून पुष्कळसे खोटे दूर सारता येते. एवढा विश्वास त्याच्या मनात रुजला, तर निकाल काहीही लागो, ते मूल रिकाम्या हातांनी परतलेले नसते.

पुढे संसारात त्याच्यापुढे पर्याय येतीलच. दुप्पट व्याज देऊ म्हणणारा येईल, आठ दिवसांत रोग बरा करणारा येईल, स्वस्तात जागा मिळवून देणारा येईल. त्या वेळी खरे उत्तर काय ते ठाऊक नसले, तरी “हे असे असूच शकत नाही, कारण...” एवढे वाक्य ज्याला पूर्ण करता येते, त्याला फसवणे सोपे नाही. कलनाची सूत्रे तोवर विसरली असतील. विसरोत बापडी! ‘कारण’ म्हणायची सवय तेवढी राहिली की पुरे.